जिज्ञासारूप भक्ती : महदाइसांचे चरित्र

शास्त्राचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येक साधकास हे ठाऊक असते की, सूत्र एकटे उभे राहत नाही. सूत्राला प्रकरण असते. कोणत्या गावी, कोणत्या वेळी, कोणासमोर आणि कशावरून ते वचन निघाले, हे कळल्यावाचून सूत्राचा अर्थ लावू पाहणारा मनुष्य बहुधा आपल्या मनातलाच अर्थ त्यावर लादतो. याच कारणास्तव पूर्वाचार्यांनी सूत्रपाठाच्या जोडीला प्रकरणवशासारखे ग्रंथ सिद्ध केले आणि प्रत्येक वचनाला त्याच्या जन्मप्रसंगाशी बांधून ठेवले. आता या प्रकरणांकडे जरा बारकाईने पाहिले, तर एक गोष्ट सुज्ञ वाचकांच्या सहज ध्यानात येईल. पुष्कळ वेळा प्रकरण उत्पन्न होते ते कोणीतरी प्रश्न विचारल्यामुळे. आणि हा प्रश्न विचारणाऱ्यांमध्ये एक नाव पुन्हा पुन्हा येते. ते नाव महदाइसांचे होय.

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात महदाइसांना आद्य कवयित्रीचा मान मिळाला आहे. हा मान यथार्थच आहे. परंतु त्यामुळे एक गोष्ट मागे पडली. त्यांचे धवळे सर्वांना ठाऊक झाले; त्यांची जिज्ञासा मात्र अभ्यासकांपुरतीच राहिली. वास्तविक त्यांच्या आयुष्याचा पिंड जिज्ञासेचा आहे आणि धवळे हे त्या पिंडाला आलेले एक फूल आहे. या दृष्टीने त्यांच्या चरित्राचा विचार करण्याचा हेतू येथे धरला आहे.

महदाइसांचा जन्म तेराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. त्यांचे मूळ नाव रूपाइसा. महदाइसा या नावाने त्या पंथात ओळखल्या गेल्या आणि पुढील ग्रंथांतून त्यांचा उल्लेख महदंबा असाही झाला. आचार्य श्रीनागदेव, म्हणजेच भटोबास, यांच्या त्या चुलत बहीण. घर ब्राह्मणाचे आणि विद्येचे. पोथी, पुराण, शास्त्रचर्चा यांचे संस्कार कानांवर लहानपणापासून होत असले पाहिजेत. परंतु त्या काळी घरात विद्या असणे निराळे आणि घरातल्या मुलीला त्या विद्येत विचारण्याचा अधिकार असणे निराळे. त्यातून महदाइसांना बालपणीच वैधव्य आले.

बालविधवेचे जिणे त्या काळात कसे होते, याचे वर्णन करण्याचे प्रयोजन नाही. देवगिरीवर यादवांची सत्ता होती. १२६० च्या सुमारास महादेवराय आणि १२७१ पासून रामदेवराय गादीवर होते. राज्य संपन्न होते, मंदिरे बांधली जात होती, आणि हेमाद्री पंडिताच्या चतुर्वर्गचिंतामणीसारख्या ग्रंथातून व्रते, दाने, श्राद्धे यांचा विस्तार शास्त्रबद्ध होत होता. या सगळ्या विस्तारात विधवेला जागा होती ती उपवासाची, तीर्थयात्रेची आणि मौनाची. व्रत का करावे, तीर्थाने काय होते, ज्या देवतेची उपासना करावयाची ती देवता कोण आणि ती काय देऊ शकते, असे विचारण्याची सोय नव्हती. करणे तिच्याकडे आणि जाणणे दुसऱ्याकडे, अशी ती व्यवस्था होती.

महदाइसांना आधी आश्रय मिळाला तो दादोसांचा. दादोस म्हणजे रामदेव. ते स्वतः साधुवृत्तीचे होते आणि त्यांच्याभोवती भाविकांचा मेळा जमला होता. दादोसांनाच सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींचा परिचय झाला आणि त्यांच्याबरोबर त्यांचे शिष्यही स्वामींच्या दर्शनास आले. महदाइसा त्यांपैकी एक. पुढे या मंडळींपैकी अनेकजण स्वामींनाच अनुसरले. ही गोष्ट दादोसांच्या मनाला लागली, हे लीळाचरित्राने लपवलेले नाही. ज्याने हात धरून दारापर्यंत आणले, त्याला दाराबाहेर राहू देऊन आपण आत जाणे, हे कोणत्याही कृतज्ञ मनाला सोपे नसते. महदाइसांनी ते केले, ते ज्ञानाच्या ओढीने. गुरूची माया आणि सत्याची ओढ यांत निवड करण्याची वेळ साधकावर येते. तेव्हा काय करावे हे त्यांच्या वागण्यावरून समजते.

सर्वज्ञांचे सन्निधान हे एका जागी बसून मिळणारे नव्हते. स्वामींचा संचार अखंड चालू असे. गोदावरीचे खोरे, ज्याला आपले ग्रंथ गंगातीर म्हणतात, ते या संचाराचे मुख्य क्षेत्र. नाशिक भागातील वाचकांना याचे महत्त्व सांगावयास नको. ब्रह्मगिरीवर उगम पावून त्र्यंबक, नाशिक असा प्रवास करीत पैठणाकडे जाणारी ही नदी, आणि तिच्या काठची गावे, ही स्वामींच्या चरणांनी पुनीत झालेली आहेत. निफाड तालुक्यातील मौजे सुकेणे हे तर आजही पंथीयांच्या नित्य वंदनातले स्थान आहे. जी नदी पापक्षालनासाठी प्रसिद्ध, तिच्याच काठी स्वामींनी असे ज्ञान सांगितले की, जिवाची अविद्या पाण्याने धुतली जात नाही. तीर्थाच्या मुखाशी बसून तीर्थाविषयी प्रश्न विचारावा, आणि विचारणारी एक विधवा स्त्री असावी, हे त्या काळात नवल होते.

महदाइसांच्या जिज्ञासेचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे. त्या वादासाठी विचारीत नसत. वादाची रीत पंडितांना ठाऊक होती. प्रतिपक्ष उभा करावा, दूषण द्यावे, जिंकावे, ही त्यांची वाट. महदाइसांची वाट निराळी होती. जे ऐकले ते पुरते समजले की नाही, हे त्या तपासून पाहत. घरी चालत आलेला आचार आणि स्वामींनी निरूपिलेला विचार यांत जेथे अंतर दिसे, तेथे त्या थांबत आणि विचारीत. ऐकलेले पुन्हा आठवत, त्याची चर्चा करीत आणि चर्चेत उरलेली शंका घेऊन पुन्हा श्रीचरणांशी येत. श्रवण, मनन आणि पृच्छा यांची ही साखळी त्यांच्या ठिकाणी कधी तुटली नाही.

येथे एक शास्त्रीय मुद्दा आहे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य आणि परस्परांहून भिन्न आहेत, हे पंथाच्या विचाराचे अधिष्ठान. जीव बद्ध आहे आणि परमेश्वराच्या ज्ञानावाचून त्याची सुटका नाही. आता ज्ञान हेच जर साधन, तर ते घेणाऱ्याच्या ठिकाणी न कळल्याची जाणीव आधी असली पाहिजे. ज्याला काही विचारावयाचे नाही, त्याला काही दिले तरी ते त्याच्या हाती उरत नाही. म्हणून पृच्छा ही निरूपणाची दासी नसून निरूपणाची भूमी आहे. ती उद्धटपणाची खूण मानणारे पुष्कळ मठ आणि पुष्कळ गुरू सर्व काळी होऊन गेले. सर्वज्ञांनी महदाइसांच्या प्रश्नांना कधी उद्धटपणा मानले नाही, दृष्टांत देऊन, कथा सांगून, कधी विनोदाने, परंतु उत्तर दिले. स्त्री म्हणून त्यांना उणे लेखले नाही. स्वामींनी स्त्रीचा विटाळ मानला नाही आणि संन्यासाचा अधिकार पुरुषाइतकाच स्त्रीलाही दिला. बाइसा, आबाइसा, उमाइसा, महदाइसा अशा कितीतरी स्त्रिया त्यांच्या परिवारात होत्या. परंपरेने सांगितलेल्या स्वामींच्या छळाच्या कारणांमध्ये स्त्रियांना दिलेले हे स्थान हेही एक कारण होते, हे विसरता येत नाही.

१२७४ च्या सुमारास स्वामींनी उत्तरापंथे प्रयाण केले. सन्निधान संपले आणि असन्निधानाचा काळ सुरू झाला. ज्याला विचारावयाचे तोच दृष्टीआड झाल्यावर जिज्ञासूची जी अवस्था होते, ती महदाइसांची झाली असेल. स्वामींच्या आज्ञेप्रमाणे भक्तमंडळी रिद्धपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत गेली. गंगातीर सोडून वऱ्हाडात जाणे, हा केवळ मुलखाचा बदल नव्हता. येथील परमेश्वरमूर्तीचा स्वभावच निराळा होता. श्रीचक्रधर स्वामी निरूपण करीत. श्रीगोविंदप्रभू निरूपण करीत नसत. ते मुलासारखे रुसत, हट्ट करीत, वाटेल त्या घरी जात, वाटेल ते मागत. लोक त्यांना राऊळ म्हणत आणि काहीजण वेडे समजत. प्रश्न विचारून ज्ञान घेण्याची सवय असलेल्या महदाइसांना आता प्रश्नावाचून सेवा करावयाची होती.

ऋद्धिपूरलीळेत धिरड्याचा प्रसंग आला आहे, तो या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. श्रीप्रभूंनी धिरडे मागितले. महदाइसांनी आपल्याकडच्या रीतीने ते केले आणि ताटात वाढले. श्रीप्रभूंनी ते नाकारले. पुन्हा केले, पुन्हा नाकारले. तेव्हा महदाइसांच्या मनात आले की, गंगातीरी ज्याला धिरडे म्हणतात, तेच वऱ्हाडात धिरडे असेल असे कशावरून? त्यांनी तेथील रीत विचारून घेतली, वऱ्हाडी पद्धतीचा पदार्थ केला आणि तो श्रीप्रभूंनी प्रसन्नतेने आरोगिला. भाषेच्या अभ्यासकांना यात दोन प्रांतांच्या बोलींतील भेद दिसतो. साधकाला यात आणखी काही दिसावे. सेव्याने नाकारले म्हणून महदाइसा खंतावून बसल्या नाहीत, की श्रीप्रभूंच्या लहरीवर त्यांनी बोट ठेवले नाही. चूक शब्दाच्या अर्थात असेल, असा त्यांनी विचार केला. चुलीपाशीही त्यांची जिज्ञासा जागी होती. सूत्राचा अर्थ जसा प्रकरणाने कळतो, तसा पदार्थाचा अर्थ प्रांताने कळतो, हे त्यांनी पीठ कालवता कालवता ओळखले.

याच रिद्धपुरात धवळ्यांचा जन्म झाला. श्रीगोविंदप्रभूंना एकदा विवाहाची क्रीडा करावीशी वाटली. भक्तजनांनी सोहळा मांडला. लग्न म्हटले की धवळे हवेत. धवळे म्हणजे वराला उद्देशून गायची मंगलगीते. ती गाण्याचे काम महदाइसांकडे आले आणि त्यांनी श्रीकृष्ण आणि रुक्मिणी यांच्या विवाहाची कथा घेऊन धवळे रचले. कथा निवडतानाही त्यांनी स्थळकाळाचे भान राखले, असे म्हणता येते. रुक्मिणी ही विदर्भराजा भीमकाची कन्या; कुंडिनपूर हे तिचे माहेर. रिद्धपूर त्याच वऱ्हाडातले. ज्या मुलखात लग्नाची क्रीडा चालली होती, त्या मुलखातलीच वधू त्यांच्या गीतात आली. श्रीप्रभूंच्या ठिकाणी द्वापारातील श्रीकृष्ण पाहणे ही त्यांची श्रद्धा होती. म्हणून जुनी कथा सांगताना त्या डोळ्यांसमोरचाच सोहळा गात होत्या.

या प्रसंगात एक सूक्ष्म गोष्ट आहे. धवळे हे लग्नघरातले गीत, सुवासिनींचे गीत. बालपणी ज्यांचे कुंकू पुसले गेले, त्या महदाइसांना समाजाच्या रीतीप्रमाणे लग्नमंडपात पुढे येण्याचाही अधिकार नव्हता. अपशकुनाच्या भीतीने विधवेला मांडवाच्या कडेस बसविले जाई. परमेश्वराच्या लग्नात मात्र मंगलगीत गाण्याचा मान त्यांनाच मिळाला. श्रीप्रभूंनी यावर काही निरूपण केले नाही. निरूपण करण्याची गरजही नव्हती. प्रश्नावाचून मिळालेले हे उत्तर होते.

धवळ्यांचे पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे दोन भाग आहेत. यांशिवाय मातृकी रुक्मिणीस्वयंवर ही त्यांची रचना प्रसिद्ध आहे. वर्णमालेतील अक्षरांच्या क्रमाने तिची पदे चालतात. धवळ्यांची भाषा घरातली आहे. अलंकारांची दाटी नाही. बाईने बाईला सांगावे अशा ओघाने कथा पुढे सरकते आणि रुक्मिणीच्या मनाची उलघाल सरळ शब्दांत येते. श्रीज्ञानदेवांची भावार्थदीपिका १२९० ची. श्रीगोविंदप्रभूंचे देहावसान १२८७ च्या सुमाराचे. म्हणजे धवळ्यांचा आरंभ त्याआधीचा. त्र्यंबकास ज्यांची समाधी आहे ते श्रीनिवृत्तिनाथ आणि त्यांची बहीण मुक्ताबाई ही भावंडे १२९७ च्या सुमारास देह ठेवती झाली. महदाइसा वयाने त्यांच्याहून पिढीभर मोठ्या. वारकरी आणि महानुभाव यांच्या विचारात अंतर आहे आणि ते अभ्यासकाने पुसू नये. परंतु एकाच गोदेच्या काठी, एकाच शतकात, मराठी बोलीत स्त्रियांचा परमार्थ बोलू लागला, हे दोन्हीकडे खरे आहे. आणि त्या बोलण्याच्या आरंभी महदाइसा उभ्या आहेत.

श्रीप्रभूंच्या नंतर पंथाची धुरा आचार्य श्रीनागदेवांकडे आली. दोन्ही अवतारांचे दर्शन आता मिळणार नव्हते. उरले होते ते ऐकणाऱ्यांच्या आठवणीत. म्हाइंभटांनी या आठवणी गोळा करण्याचे महत्कार्य आरंभिले. ज्याने जे पाहिले, ऐकले, ते त्याच्या तोंडून घ्यावे, दुसऱ्याशी ताडून पाहावे आणि मग लिहावे, अशी त्यांची रीत. लीळाचरित्र हा मराठीतील आद्य गद्य चरित्रग्रंथ या परिश्रमातून सिद्ध झाला. हा ग्रंथ आठवणींवर उभा आहे, आणि आठवण टिकते ती लक्ष देऊन ऐकणाऱ्याच्या ठिकाणी. ज्याने प्रश्न विचारला त्याला उत्तर विसरत नाही. महदाइसांसारखी माणसे सन्निधानात नसती, तर म्हाइंभटांच्या लेखणीला किती मिळाले असते, याचा विचार प्रत्येकाने करावा. पुढे केशिराजबासांनी याच लीळांतील श्रीमुखीची वचने वेचून सूत्रपाठ लावला. म्हणजे आज आपण ज्या सूत्रांचे चिंतन करतो, त्यांतील कित्येकांच्या मुळाशी एखाद्या दुपारी कोणी भीतभीत, कोणी धिटाईने विचारलेला प्रश्न आहे.

आचार्यांच्या काळातला एक निर्णय येथे सांगितल्याशिवाय हे चरित्र पुरे होत नाही. पंथात संस्कृतज्ञ पंडित येऊ लागले होते. त्यांना शास्त्र संस्कृतात लिहावे, संस्कृतात विचारावे, असे वाटणे स्वाभाविक होते. प्रतिष्ठा तिकडेच होती. कोणी संस्कृतात प्रश्न केला असता आचार्यांनी, आपल्याला श्रीचक्रधरांनी मराठीत निरूपिले आहे, या अर्थाचे उत्तर देऊन मराठीतच विचारण्यास सांगितले. केशिराजबासांनाही संस्कृत रचनेपासून परावृत्त करताना त्यांनी कारण दिले ते आपल्या म्हाताऱ्यांचे. तसे केल्याने त्या नागवल्या जातील, अशी त्यांची चिंता होती. म्हाताऱ्या म्हणजे पंथातील वृद्ध स्त्रिया. हे बोलताना आचार्यांच्या डोळ्यांसमोर जी मुखे असतील, त्यांत महदाइसांचे मुख असणारच. भाषेचा हा निर्णय पांडित्याच्या तराजूत तोलून झालेला नाही. एका आचार्याला आपल्या बहिणीचा विचारण्याचा अधिकार अबाधित ठेवावयाचा होता, इतके ते सरळ आहे. स्वतः श्रीचक्रधर स्वामी परंपरेप्रमाणे गुजरातेतील भडोचचे; त्यांनी मराठी आपलीशी केली ती याच लोकांसाठी. ज्यांना विचारावयाचे आहे त्यांच्या भाषेत शास्त्र असले पाहिजे, नाहीतर पृच्छा बंद पडते आणि पृच्छा बंद पडली की शास्त्र पाठांतरापुरते उरते.

१२९६ मध्ये देवगिरीवर अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी झाली आणि गंगातीराच्या जुन्या जीवनाला तडे गेले. महदाइसांनी उतारवयात हा काळही पाहिला. आचार्यांच्या परिवारात त्या वडीलधाऱ्या म्हणून राहिल्या आणि चौदाव्या शतकाच्या आरंभी त्यांचे देहावसान झाले. त्यांच्याविषयी आचार्यांनी काढलेले गौरवोद्गार परंपरेने जपले आहेत. त्यांत धर्माचे रक्षण करणारी आणि चर्चा करणारी अशा दोन्ही विशेषणांनी त्यांचा गौरव झाला आहे. ही दोन विशेषणे एकत्र यावीत, हे फार अर्थपूर्ण आहे. सामान्यतः धर्माचे रक्षण म्हणजे जे आहे ते न बोलता जपणे, अशी समजूत असते. आचार्यांच्या दृष्टीने मात्र जी विचारीत राहिली, तीच रक्षण करणारी ठरली.

पुढे ही सारी ग्रंथसंपत्ती सांकेतिक लिपींत बांधली गेली. धामधुमीच्या काळात ग्रंथ शुद्ध आणि सुरक्षित राहिले, हा त्याचा लाभ. शेकडो वर्षे इतर मराठी समाजाला त्यांचा पत्ता लागला नाही आणि त्यातून गैरसमज वाढले, ही त्याची किंमत. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी लिपीचा उलगडा केला आणि पुढे यशवंत खुशाल देशपांडे, हरि नारायण नेने, विष्णु भिकाजी कोलते आदी विद्वानांच्या परिश्रमाने हे वाङ्मय छापून बाहेर आले. कोलते यांनी संपादिलेले लीळाचरित्र १९७८ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले. ज्या रिद्धपुरात महदाइसांनी धवळे गाइले, तेथेच आता महाराष्ट्र शासनाचे मराठी भाषा विद्यापीठ उभे आहे, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. हे सारे आनंदाचे आहे.

परंतु महदाइसांचे खरे स्मरण या सोहळ्यांनी पुरे होणार नाही. आपल्या मठामंदिरांतून, घरांतून, पोथी उघडली म्हणजे बायाबापड्या आजही मोठ्या संख्येने श्रवणास बसतात. त्यांतील किती जणी विचारतात? आणि जी विचारते, तिच्याकडे आपण कोणत्या दृष्टीने पाहतो? निरूपण करणाऱ्याने स्वतःला विचारावा असा हा प्रश्न आहे. श्रोत्याच्या शंकेने सभेचा रसभंग होतो असे ज्याला वाटते, त्याने हे लक्षात घ्यावे की, ज्या सूत्रावर तो बोलत आहे, ते सूत्र कदाचित अशाच एका शंकेतून निघाले असेल. श्रवणास बसलेल्या मागच्या रांगेतील वृद्धेला बोलू द्यावे, तिच्या भाषेत तिला उत्तर द्यावे, आणि उत्तर येत नसेल तर तिच्यासह पुन्हा पोथी उघडावी. महदाइसांना दंडवत घालण्याची हीच शास्त्रसंमत रीत होय.